रात्रपाळीचे मामा, रात्रपाळीच्या मावश्या

तुमची खोली गेली, हे आधी मान्य करून टाका. तुमचं टेबल भिंतीला लागलंय. त्यावर कापसाचा रोल, खोबरेल तेलाची बाटली आणि झबल्यांची चळत आहे. खुर्चीच्या पाठीवर लंगोट वाळतायत. इंजिनीअरिंग ड्रॉइंगची शीट कपाटावर गेली आहे आणि चार्जर कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नाही. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की घराचा नकाशा असाच बदलतो. बाळ दादाचं असेल आणि वहिनी दोन-तीन महिन्यांनी तिच्या माहेराहून परत आली असेल, तरी चित्र फारसं वेगळं नसतं. फरक इतकाच, की तेव्हा तुम्ही मामा-मावशी नसून काका किंवा आत्या असता.

सबमिशन तोंडावर आलंय आणि रात्री अडीच वाजता तीन किलोचा जीव अख्खा मजला जागा करतोय. वैताग येणारच. पण एक गोष्ट लक्षात घ्या. घरात या वेळी टक्क जागं असलेलं दुसरं माणूस तुम्हीच आहात. आईबाबा दिवसभराचे थकून झोपलेत, आजीला ऐकू कमी येतं. तुम्ही मात्र ‘नाइट मारताय’, निम्मा अभ्यास आणि निम्मी रील्स. या घरात तुमचा खरा उपयोग आहे तो इथेच.

आधी बाळाचं टाइमटेबल समजून घ्या. नवं बाळ दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपतं, पण सलग झोपत नाही. त्याला दिवस-रात्र कळायला पहिले दोन-तीन महिने जातात. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा ते दूध पितं, म्हणजे साधारण दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. एकदा दूध पाजायला अर्धा तास जातो. मग बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा, मग लंगोट ओला झालेला असतोच तो बदलायचा, मग झोपवायचं. हे सगळं आटपेपर्यंत पुढच्या दुधाला जेमतेम तास-सव्वा तास उरतो. ताईची झोप ती एवढी.

दूध तुम्ही पाजू शकत नाही. पण ढेकर, लंगोट आणि झोपवणं या तीन गोष्टी तुमच्या आहेत. पाजून झाल्यावर ताईने बाळ तुमच्याकडे दिलं, की तिला अर्धा तास जास्त मिळतो. रात्रीतून तीनदा असं झालं, तर दीड तास. ज्या माणसाने आठवडाभर सलग दोन तास झोप पाहिलेली नाही, त्याच्यासाठी दीड तास ही केवढी मोठी गोष्ट आहे ते तिलाच विचारा. सिझर झालं असेल तर टाक्यांमुळे तिला कुशीवर वळून उठणंही जड जातं. तेव्हा पाळण्यातून बाळ उचलून तिच्या हातात देणं हीसुद्धा मदतच. आणि तिच्या उशाशी पाण्याची भरलेली बाटली ठेवा. पाजताना सडकून तहान लागते आणि नेमकं तेव्हाच तिला उठता येत नसतं.

उचलायची भीती वाटते? वाटू द्या, सगळ्यांनाच वाटते. एक हात मानेखाली आणि डोक्याखाली, दुसरा ढुंगणाखाली. मान धरलेली असली की निम्मं काम झालं. हात साबणाने धुतलेले हवेत, रात्री तीनलासुद्धा. तुम्हाला सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी ड्युटी रद्द. झोपवताना बाळ पाठीवर, सपाट गादीवर, तोंडाजवळ उशी किंवा जाड गोधडी नको. मांडीवर घेऊन तुम्ही स्वतःच सोफ्यावर पेंगायला लागलात, तर सरळ आईला उठवा. बाळ घेऊन सोफ्यावर झोपणं धोक्याचं आहे.

रडण्याचंही गणित आहे. बाळाचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यांत जास्त होतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत उतरतं. त्यातलं बरंचसं संध्याकाळी. पोट भरलंय, लंगोट कोरडा आहे, ताप नाही, तरी रडतंय, असं होतं. त्यात कुणाचं चुकलेलं नसतं. फिरवा, गुणगुणा, दिवा मंद करा. आवडतं गाणं बेसूर म्हटलंत तरी चालेल, या श्रोत्याची तक्रार नसते. तुमचाच तोल सुटायला लागला, तर बाळाला पाळण्यात ठेवून पाच मिनिटं बाहेर जा. बाळाला गदागदा हलवायचं नाही, कधीच नाही. त्याने मेंदूला इजा होते.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. घरात मुलगी असेल, तर हे सगळं न सांगता तिच्यावर येतं आणि कुणी बघतही नाही. मुलाने एकदा लंगोट बदलला, की शेजारच्या काकूंपर्यंत कौतुक जातं. मामालोकहो, टाळ्या घ्या, पण मग दुसरा लंगोटही बदला. पहिल्या काही दिवसांतली शी काळी आणि डांबरासारखी चिकट असते, ती पाहून किंचाळू नका. आणि धुवायचं कामही शिका. दिवसाला पंधरा-वीस लंगोट सहज होतात. पावसाळ्यात बाळ आलं असेल, तर घरभर दोऱ्या, पंखा फुल आणि शेवटी इस्त्री.

आता ताईकडे या. घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी हात न धुता बाळाचे गाल ओढतो आणि मग ठरलेले प्रश्न विचारतो. कुणावर गेलंय? रंग कुणाचा घेतलाय? नॉर्मल का सिझर? दूध पुरतंय का? हा शेवटचा प्रश्न दिवसातून चार वेळा ऐकला, की कोणत्याही बाईला वाटायला लागतं की आपलंच काहीतरी कमी पडतंय. ‘तू जेवलीस का?’ हे कुणी विचारत नाही. गरोदरपणात डोहाळे, ओटी, फोटो, सगळं तिचं होतं. बाळ आल्यावर ती एका रात्रीत फक्त ‘बाळाची आई’ झाली.

म्हणून दारावरची ड्युटीही तुमचीच. ‘बाळ आत्ताच झोपलंय’ हे वाक्य गोड आवाजात पाठ करून ठेवा. ते बहुतेक वेळा खरंच असतं. आणि ताईला विचारल्याशिवाय बाळाचा फोटो स्टेटसला टाकू नका.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात पुष्कळ जणींना कारण नसताना रडू येतं. शरीरातली हार्मोन्स झपाट्याने उतरलेली असतात, झोप नसते, सगळं नवं असतं. याला ‘बेबी ब्लूज’ म्हणतात आणि ते साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. पण कधीकधी ते ओसरत नाही. बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप येत नाही. जेवण नकोसं होतं. बाळाकडे पाहून काहीच वाटत नाही, किंवा सतत वाटतं की त्याला काहीतरी होणार. ‘मी चांगली आई नाही’ हे ती पुन्हा पुन्हा म्हणते. हे दोन आठवड्यांच्या पुढे चाललं, तर तो बाळंतपणानंतरचा नैराश्याचा आजार असू शकतो. आजार म्हणजे आजार. नखरे नव्हेत, ‘आमच्या वेळी नव्हतं असलं काही’ नव्हे.

हे ओळखायला तुम्ही चांगल्या जागी आहात. आईसमोर ती ‘बरंय’ म्हणते, सासरच्या फोनवर हसते. रात्री अडीचला, हळू आवाजात, तुमच्याशी मात्र खरं बोलू शकते. लहानपणी मार खाताना तुम्ही दोघं एका पलंगाखाली लपला होतात, त्याचा हा फायदा. तेव्हा सल्ला देऊ नका, ‘पॉझिटिव्ह राहा’ तर अजिबात नको. ऐका. सकाळी आईशी आणि भावोजींशी बोला आणि तिच्या डॉक्टरांना फोन लावा. यावर उपचार आहेत, आणि अंगावर पाजत असतानाही घेता येतात अशी औषधं आहेत. त्यातलं कोणतं, ते डॉक्टर ठरवतील. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत हेल्पलाइन 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. पण ‘मी नसते तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं ती काही बोलली, भलतेच भास व्हायला लागले किंवा बाळाला इजा करायचे विचार बोलून दाखवले, तर सकाळची वाट पाहायची नाही. तिला एकटं सोडायचं नाही आणि तेव्हाच हॉस्पिटल गाठायचं.

राहिली आजी. तुम्ही गुगल उघडून तिच्याशी वाद घालणार असाल, तर हरणार. तिने चार बाळंतपणं काढली आहेत, तुमचं धरून. शिवाय पुष्कळ बाबतीत ती बरोबर आहे. बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती, आयतं गरम जेवण, डिंकाचे आणि आळिवाचे लाडू, आल्यागेल्यांना बाळाजवळ मज्जाव, हलक्या हाताने तेल लावणं, यात भांडण्यासारखं काही नाही. भांडण आहे ते मोजक्या गोष्टींशी. जन्मल्या-जन्मल्या मधाचं बोट चाटवणं त्यातलं पहिलं. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, त्यांनी बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून वर्षाच्या आत मध नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, त्यामुळे सहाणेवर उगाळलेली गुटीही नको. नाकाकानात तेल नको. काजळात शिसं असू शकतं, म्हणून डोळ्यांत काजळ नको. आणि बंद खोलीत धुरी किंवा कोळशाची शेगडी तर नकोच. धूर बाळाच्या फुप्फुसांना वाईट आणि कोंडलेला कोळशाचा वायू जीवघेणा.

सांगायचं कसं? ‘आजी, डॉक्टर म्हणाले’ अशी सुरुवात करा. लसीकरणाला जाताना आजीला बरोबर न्या आणि तिलाच प्रश्न विचारू द्या. आणि तीट लावायचीच असेल, तर तळपायाला लावू द्या. दृष्ट लागायची नाही आणि आजीही रुसायची नाही.

‘हे सगळं आपल्याला कसं जमणार’ असं वाटत असेल, तर गडचिरोलीकडे बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात तिथल्या 39 गावांत गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. त्या घरोघरी जाऊन बाळाचं वजन करायच्या, त्याला ऊब देतात ना ते पाहायच्या, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायच्या. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं आणि 2011 पासून देशभर आशाताई बाळाच्या घरी यायला लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्या आल्या की मोबाइल ठेवा आणि शेजारी बसून बघा.

त्या जे पाहतात ते तुम्हालाही पाहता येईल. बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, अंग तापलं किंवा गार पडलं, झटके आले, श्वास घेताना छाती खोल आत जातेय, तळहात-तळपाय पिवळे दिसतायत. मोबाइलवर एक मिनिटाचा टायमर लावा आणि शांत असताना बाळाचे श्वास मोजा. साठ किंवा त्याहून जास्त आले, तर पुन्हा मोजा. पुन्हा तेवढेच आले, तर डॉक्टर. यातलं काहीही दिसलं, तर ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणायचं नाही. रिक्षा मिळत नसेल तर 108.

कागदपत्रांचं काम तर तुमच्याच स्वभावाचं. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. हॉस्पिटल ती कळवतं, पण आईबाबांच्या नावांचं स्पेलिंग आधारप्रमाणेच गेलंय ना, हे तपासा. बारशाला नाव ठरलं नाही म्हणून अडत नाही, एक वर्षापर्यंत ते विनाशुल्क घालता येतं. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या बाळांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे.

आता भावोजी. कायद्याने ताईला पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, नोकरी दहा किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत असेल तर. बाबाला केंद्र सरकारच्या नोकरीत 15 दिवस, आणि खासगी कंपनीत कायद्याने काहीच नाही, कंपनी देईल तेवढं. त्यामुळे बहुतेक भावोजी शनिवारी रात्री येतात, बाळाला पाच मिनिटं मांडीवर घेतात, फोटो काढतात, आंबोळी खातात आणि रविवारी संध्याकाळी जातात. तीन महिन्यांनी ताई सासरी जाईल, तेव्हा ही रात्रपाळी कुणी करायची? तुम्ही तर तिथे नसाल. तेव्हा येत्या शनिवारी ते आले, की त्यांना गादी पाळण्याच्या बाजूला घाला. अडीचला बाळ रडलं की लंगोट आणि दुपटं त्यांच्या हातात द्या, मानेखाली हात कसा घालायचा ते एकदा दाखवा, दुसऱ्या लंगोटाला मदत करू नका. आणि तुम्ही जाऊन झोपा, सोमवारी व्हायवा आहे.