वॉलकॉटच्या जागी त्रिलोक

'ओरेगॉन' या अमेरिकन चौकडीचा 'इकोटोपिया' हा अल्बम म्युनिकच्या 'ईसीएम'ने 1987 साली काढला. ग्रॅमीत 'न्यू एज' हा वेगळा वर्ग त्याच वर्षी सुरू झाला. मग ओबो, बारा तारांची गिटार आणि तबला एकत्र ऐकू आले, की त्यावर हीच चिठ्ठी डकवायची सोय झाली. ध्यानाला बसताना मागे मंद लावून ठेवायचं संगीत, अशी त्या चिठ्ठीची ख्याती. 'इकोटोपिया' तसा मागे लावून बघा. हातातलं काम बाजूला राहतं.

राल्फ टाउनर, पॉल मॅककँडलेस, ग्लेन मूर आणि कॉलिन वॉलकॉट हे मूळचे चौघे. पॉल विंटरच्या 'कन्सॉर्ट'मधून बाहेर पडून त्यांनी आपला वेगळा संच उभा केला. वॉलकॉट रविशंकरांकडे सतार आणि अल्लारखाँकडे तबला शिकलेला. नोव्हेंबर 1984 मध्ये पूर्व जर्मनीच्या दौऱ्यात मोटार अपघातात तो गेला. पुढे उरलेल्या तिघांनी त्याच्या जागी सतारवादक आणला नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. त्यांनी मुंबईच्या त्रिलोक गुर्टूला घेतलं. हो, तोच, बेळगावात जन्मलेल्या, ठुमरी-दादऱ्याच्या शोभा गुर्टूंचा मुलगा.

त्रिलोक ड्रमवाल्यासारखा स्टुलावर बसत नाही. जमिनीवर गुडघा टेकून वाजवतो. भोवती तबला, ड्रम, झांजा, घुंगरं आणि चक्क पाण्याची बादली! वाजती झांज पाण्यात उतरवली की पाण्याच्या भाराने तिची कंपनं मंदावतात आणि स्वर घसरतो. वर काढली की पुन्हा चढतो. धातूतून मींड काढायचा हा प्रकार आईच्या गळ्यावर कान तयार झालेल्यालाच सुचावा, असं आपलं माझं मत.

'इकोटोपिया'त टाउनर सिंथेसायझरही वाजवतो, आणि त्याचे काही आवाज आज जुने वाटतात. ऐंशीच्या दशकाचा शिक्का लपत नाही. मॅककँडलेसचा ओबो मात्र टवटवीत आहे. सनईच्याच गोतावळ्यातलं ते वाद्य, त्यामुळे आपल्या कानाला ते परकं वाटत नाही. त्रिलोक त्याला नुसता ठेका धरून बसत नाही. ओबोची ओळ संपते न संपते तोच तबल्यावरून उत्तर येतं.

हे आवडलं तर लगोलग त्रिलोकचा 1988चा 'उसफ्रेट' ऐका. त्यात टाउनर आहे, ट्रम्पेटवाला डॉन चेरी आहे, आणि गायला खुद्द शोभाताई आहेत.