मूळ प्रत आणि तिच्या नकला

घरोघरी एक जुनी पेटी असते. तीत लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, भाडेचिठ्ठ्या आणि तळाशी काळ्या जाड कागदावर चिकटविलेली छायाचित्रे असतात. आपणां हैदराबादकर मराठी मंडळींच्या घरी या पेटीचे मोल काकणभर अधिकच आहे. १९५६ साली हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, मराठवाडा तिकडे गेला आणि आपण इकडे राहिलो. परभणी-नांदेडकडील वाड्यांशी असलेला संबंध पुढे पुष्कळ घरांत छायाचित्रांपुरताच उरला. ही छायाचित्रे आता संगणकात आणि भ्रमणध्वनीत जाऊन बसली आहेत. तेथे ती सुरक्षित आहेत, अशी आपली समजूत असते. आमचीही होती. ती कशी खोटी ठरली हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमच्या धाकट्या काकांची मुंज १९५१ साली झाली. त्या दिवशी अंगणात सतरंजी अंथरून सर्व कुटुंबाचे एक छायाचित्र घेण्यात आले. मागच्या रांगेत, खांबाला टेकून, आमची आजी उभी आहे. तिचे दुसरे छायाचित्र नाही. पुढे कधी कोणी आग्रह केलाच, तर "माझं काय काढायचं मेलं!" म्हणून ती माजघरात निघून जाई. हे छायाचित्र मुसीकाठी राहणाऱ्या आमच्या चुलत बहिणीकडे होते. २०१३ साली आम्ही ते तिच्याकडून आणून स्कॅन करविले. आठ इंच बाय सहा इंचांचे चित्र, इंचाला ६०० बिंदू या प्रमाणात. म्हणजे ४८०० बाय ३६०० बिंदू. आजीच्या नथीतले मोतीसुद्धा मोजता यावेत इतके ते स्वच्छ उतरले होते.

पुढे नातलगांना पाठविण्यासाठी ते लहान करणे भाग पडले. आम्ही ते ६४० बाय ४८० असे केले, 'सेव्ह' म्हटले आणि संगणक मिटला. 'सेव्ह अ‍ॅज' म्हणावयाचे होते, नवे नाव द्यावयाचे होते, हे ध्यानीही आले नाही. मोठे चित्र त्याच क्षणी नाहीसे झाले आणि लहान चित्र त्याच्या नावाने नांदू लागले. एक कोटी बहात्तर लाखांवर बिंदूंपैकी तीन लाख सात हजार उरले. दर छप्पन बिंदूंच्या जागी एक. ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीत बहिणीच्या घरात पाणी शिरले आणि कागदावरचे मूळ चित्रही गेले. नव्या घरात राहावयास गेल्यावर ती आम्हांस म्हणाली, "दादा, आजीचा फोटो मोठा करून दे, दिवाणखान्यात लावीन." आम्ही फाईल उघडली, तेव्हा कुठे सात वर्षांपूर्वीची चूक आमच्या पुढ्यात आली.

हे असे का होते? संगणकातील चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी होय. लहान करताना यंत्र शेजारशेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढून एकेक ठिपका ठेवते. पुन्हा मोठे करू गेल्यास गेलेले ठिपके परत येत नाहीत. यंत्र मधल्या जागा अंदाजाने भरते. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेने चेहरा रेखीव करून देणारी साधनेही निघाली आहेत. आम्ही तो प्रयोग करून पाहिला. चित्रातील बाई सुंदर दिसू लागली, पण ती आमची आजी नव्हती.

आणखी एक गोष्ट आहे. बहुतेक छायाचित्रे जेपीईजी या पद्धतीने साठविली जातात. जागा वाचविण्यासाठी ही पद्धत बारीकसारीक तपशील टाकून देते. अशा चित्रात फेरफार करून ते पुनःपुन्हा त्याच नावाने साठविले, तर दर खेपेस थोडी झीज होते. केवळ उघडून पाहिल्याने मात्र काही बिघडत नाही.

ज्याला 'नकल' म्हणतात तिचा धर्म आपल्या पूर्वजांना चांगला ठाऊक होता. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या पुढे हातोहात नकला होत गेल्या आणि त्यांत अपपाठ शिरले. पैठणच्या एकनाथमहाराजांना शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, अनेक पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. मूळ पोथी हाताशी असती, तर हा खटाटोप कशाला पडला असता?

छायाचित्रणकलेत तर आपल्या शहराचेच उदाहरण आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचा सिकंदराबादेत स्टुडिओ होता. १८९२ साली त्यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी निराळा जनाना स्टुडिओ काढून तो एका इंग्रज बाईंकडे सोपविला होता. त्या काळी छायाचित्र सामान्यतः काचेच्या पट्टीला कागद भिडवून उतरवीत. त्यामुळे जेवढी काच तेवढे चित्र. मोठे चित्र हवे तर काचही मोठी लागे. गिऱ्हाइकाच्या हाती पडे तो कागद, काच राही स्टुडिओत. दीनदयाळ १९०५ साली वारले. तरी १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या २८५७ काचा मिळविल्या. काच जपली म्हणून चित्र टिकले, हे यातील मर्म होय.

आपल्या घरची 'काच' म्हणजे पहिली, अस्पर्श फाईल. ती जपण्यास फार विद्वत्ता लागत नाही. अनुभवाने आम्ही जी शिस्त लावून घेतली ती अशी. प्रत्येक वर्षाचे एक फोल्डर आणि त्यात तीन कप्पे : 'मूळ', 'सुधारित' आणि 'पाठविण्याचे'. 'मूळ' कप्प्यातील फाईलला हात लावावयाचा नाही. तिची नक्कल काढून मगच काम करावयाचे. डाग काढले, कडा कापल्या, तर ते चित्र पूर्ण आकारात 'सुधारित'मध्ये. लहान केलेले तेवढे 'पाठविण्याचे' या कप्प्यात. तो कप्पा उद्या पुसला गेला तरी हळहळ नको. नावात आधी साल, मग महिना, मग प्रसंग आणि शेवटी आकार घालावा : '१९५१-०५ मुंज ६४०'. म्हणजे फाइली आपोआप कालक्रमाने लागतात आणि कोणती नक्कल कशाची, हे नातवंडांनाही कळते.

किती लहान करावे, हे कामावरून ठरते. कागदावर चांगल्या छपाईस इंचाला ३०० बिंदू धरतात. ए-फोर आकारासाठी सुमारे २४८० बाय ३५०८ बिंदू हवेत. स्पर्धा परीक्षांच्या अर्जांत पुष्कळदा २० ते ५० किलोबाइटांचेच चित्र मागतात. आमचे विद्यार्थी त्यासाठी एकुलता एक चांगला फोटो चेपून टाकतात, म्हणून त्यांनाही आम्ही हेच बजावतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठविलेले चित्र वाटेतच लहान होते. मूळ पाठवावयाचे तर ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे. डिजीकॅमसारखी विनामूल्य प्रणाली सुधारित चित्र निराळ्या आवृत्तीत ठेवते, गूगल फोटोजमध्येही 'सेव्ह कॉपी'ची सोय आहे. परंतु प्रणाली येतात आणि जातात. एके काळी घरोघरी असलेली पिकासा २०१६ साली बंद झाली. म्हणून शिस्त प्रणालीत नव्हे, आपल्या फोल्डरांत असावी. आणि मूळ कप्प्याच्या तीन प्रती असाव्यात : एक संगणकात, एक निराळ्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी, लेकीकडे किंवा भाच्याकडे. १९०८ च्या सप्टेंबरात मुसीने या शहराची काय दशा केली, ते आपल्या वाडवडिलांनी सांगितलेच आहे. पाणी एका गावी चढते, दोन गावी एकदम सहसा चढत नाही.

आजीच्या चित्राचे पुढे काय झाले? ६४० बिंदूंत जेमतेम चार इंच रुंदीचे चित्र बरे दिसते. आम्ही ते तेवढेच छापून, भोवती रुंद पांढरा पुठ्ठा घालून, मोठ्या चौकटीत बसवून दिले. बहिणीने ते दिवाणखान्यात लावले आहे. येणारा प्रत्येक जण जवळ जाऊन, मान वाकवून ते पाहतो आणि विचारतो, "यातल्या आजी कोणत्या?" ती बोट ठेवून दाखविते. चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा आहे. नथ आता दिसत नाही.

वाचकांना एवढीच विनंती, की आज संध्याकाळी आपल्या घरची एक जुनी फाईल उघडून तिचा आकार पाहावा, आणि काहीही करण्यापूर्वी तिची एक नक्कल काढावी.