रस्ता झाला, बस कधी येणार?

मुंबई महापालिकेने 10.58 किलोमीटरच्या कोस्टल रोडवर सुमारे 14 हजार कोटी रुपये खर्च केले. त्यावर बाइक आणि रिक्षाला बंदी. म्हणजे तो मुख्यतः कारवाल्यांचा. बेस्टही याच पालिकेची, पण तिचा तोटा भरून काढायला मे 2025 मध्ये साध्या बसचं किमान भाडं 5 रुपयांवरून थेट 10 केलं गेलं. रस्त्याला मात्र कुणी ‘तोट्यात’ म्हणत नाही!

बस कमी झाल्या की लोक शेअर रिक्षा धरतात, बसचं उत्पन्न घटतं, मग फेऱ्या आणखी कमी होतात. आपल्या गोवंडी-कुर्ल्यात याचा अर्थ साधा आहे. मुलगी अंधारात थांब्यावर ताटकळते, आणि अम्मी म्हणते, “बेटा, संध्याकाळचा क्लास राहू दे.”