पंखा किती अँपिअर खातो?

जुन्या जीपचा पट्ट्यावरचा पंखा काढून विजेचे दोन पंखे बसवून द्या, ही मागणी घेऊन साताऱ्यातल्या माझ्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात बरेच जण येतात. पंखे बहुतेकांनी आधीच घेतलेले असतात. कुणी मोठ्या गाडीचे काढलेले जुन्या बाजारातून आणतो, कुणी खोक्यातले नवेकोरे. खोक्यावर पंखा हवा किती फेकतो ते ठळक छापलेलं असतं. करंट किती खातो ते शोधावं लागतं, आणि मला आधी तेच हवं असतं.

मागणी रास्त आहे. पट्ट्यावरचा पंखा इंजिनच्या वेगाला बांधलेला असतो. हायवेला समोरचा वाराच रेडिएटरला पुरतो, तिथे हा पंखा सर्वांत जोरात फिरून इंजिनची ताकद खातो. गाड्यांच्या रांगेत उभं राहिलं की वारा शून्य, इंजिन मंद, आणि पंखाही मंद. विजेचा पंखा लागेल तेव्हाच आणि पूर्ण वेगाने चालतो. मारुती ८०० सारख्या गाडीत इंजिन आडवं बसवलेलं असतं, रेडिएटर इंजिनच्या शाफ्टच्या समोर येतच नाही, म्हणून तिथे कंपनीतूनच विजेचा पंखा आलेला असतो. पण कंपनी त्या पंख्याच्या हिशेबानेच ऑल्टरनेटर, वायर आणि फ्यूज ठरवते. जुन्या जीपचं वायरिंग दिवे, हॉर्न, वायपर आणि स्टार्टर एवढ्यासाठीच आखलेलं असतं. स्टार्टर सोडला तर पंखा हा तिथे सर्वांत मोठा खाणारा पाहुणा ठरतो.

दहा-बारा इंची लहान पंखा साधारण ७ ते १० अँपिअर घेतो. सोळा इंची ताकदवान पंखा १५ ते २५ सहज घेतो. हा झाला फिरत्या पंख्याचा करंट. सुरू होतानाचा करंट याच्या कित्येक पट असतो. मोटर फिरू लागली की तिच्यातच उलट दाब तयार होतो आणि तो बॅटरीच्या करंटला आवर घालतो. मोटर थांबलेली असताना हा आवर नसतो, अडवायला असतो तो फक्त तांब्याच्या तारेचा अवरोध. त्यामुळे पंखा लागताक्षणी हेडलाइट क्षणभर मंद होतात. पात्यात चिंधी अडकून पंखा जाम झाला, तर हाच मोठा करंट वाहत राहतो आणि मोटर जळते.

हे मोजायला क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा हवा. घरच्या वायरिंगवाल्याकडचे बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात. तसला मीटर गाडीच्या वायरला लावला तर भलताच कमी आकडा दाखवतो आणि माणूस निर्धास्त होतो.

आता एक खरा प्रसंग घ्या. सप्टेंबरात कासचं पठार फुलतं आणि सुट्टीच्या दिवशी यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागते. पाऊस, धुकं, चढ, पाच पावलं पुढे आणि ब्रेक. अशा वेळी बदल केलेल्या जीपमध्ये काय काय चालू असतं? १८ अँपिअरचे दोन पंखे, म्हणजे ३६. हेडलाइटचे ५५ वॉटचे दोन बल्ब, साधारण ८. वरून लावलेले तसलेच दोन फॉगलॅम्प, आणखी ८. वायपर ४, मागचे आणि पार्किंगचे दिवे ३. झाले ५९. गाडीत ६५ अँपिअरचा ऑल्टरनेटर आहे, म्हणून मालक निश्चिंत असतो. पण ६५ हा आकडा ऑल्टरनेटर जोरात फिरत असतानाचा. इंजिन आयडलला असताना तोच ऑल्टरनेटर त्याच्या निम्माच करंट देतो, कधी त्याहूनही कमी. तीसेक अँपिअर कमी पडतात आणि ते बॅटरीतून जाऊ लागतात.

या कामातली खरी अडचण हीच, आणि मी ती प्रत्येक गिऱ्हाइकाला कागदावर बेरीज मांडून दाखवते. पंख्याची गरज सर्वांत जास्त असते नेमकी तेव्हाच ऑल्टरनेटर सर्वांत दुबळा असतो. बॅटरीवर भार आला की दाब १४ व्होल्टवरून १२ वर उतरतो. पंख्याचा वेग साधारण त्याच प्रमाणात घटतो आणि हवाही. हवा घटली की पाणी गरमच राहतं, पाणी गरम म्हणून पंखा बंद होत नाही, आणि बॅटरी खालीच जात राहते. जुनं डिझेल इंजिन यातही चालू राहतं, कारण त्याला चालायला वीज फारशी लागत नाही. पेट्रोल गाडीत मात्र इग्निशन आणि इंधनाचा पंप याच बॅटरीवर असतात, आणि गाडी घाटातच बंद पडते.

मोठा ऑल्टरनेटर बसवणं हा एक उपाय आहे, पण फुकटचा नाही. ३६ अँपिअर आणि १४ व्होल्ट म्हणजे ५०० वॉट. ऑल्टरनेटर आणि पट्ट्यात जाणारं नुकसान धरलं तर इंजिनवर एक अश्वशक्तीहून जास्त ओझं पडतं. ऑल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची जाड वायर बदलावी लागते. जुना एकेरी पट्टा भार न पेलता घसरू लागतो, तोही पाहावा लागतो.

त्याआधी वायर. दुकानात येणाऱ्या बिघाडांत पंखा स्वतः क्वचितच दोषी असतो. कुणीतरी फॉगलॅम्पच्या वायरला जोड मारून तिथून पंखा चालवलेला असतो. एक स्क्वेअर एमएमच्या पाच मीटर तांब्याच्या वायरमधून २० अँपिअर नेले तर वाटेतच सुमारे १.७ व्होल्ट संपतात. म्हणजे ३४ वॉटची उष्णता टेपच्या गुंडाळीत जिरते. तेच चार स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये फक्त ०.४ व्होल्ट जातात. पंख्यावर मोठा खर्च करून वायरीत काटकसर केलेली पाहिली की मला वाईट वाटतं. काही गाड्यांत प्लास्टिक वितळून वायरी एकमेकींना चिकटलेल्या असतात.

प्रत्येक पंख्याला मी वेगळा रिले आणि वेगळा फ्यूज देते. मुख्य करंट बॅटरीतून थेट रिलेच्या ३० नंबरला, ८७ मधून पंख्याला. ८५ आणि ८६ वर कॉइल, ती जेमतेम ०.२ अँपिअर घेते, म्हणून तापमानाचा छोटा स्विच किंवा डॅशबोर्डवरचं बटण तिला पुरतं. १८ अँपिअरच्या पंख्याला ३० चा हिरवा फ्यूज लावते, तोही बॅटरीच्या अगदी जवळ. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो पंख्याजवळ बसवला तर मधली सगळी वायर उघडी राहते, आणि ती घासून बॉडीला लागली तर आग लागते. अर्थिंगची वायर प्लसइतकीच जाड हवी आणि तिच्या जागी बॉडीचा रंग खरवडून लोखंड चकचकीत केलेलं हवं. पंखा चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं पंख्याच्या प्लसला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कुठेतरी जोड कच्चा आहे.

भूकच कमी करता आली तर सर्वांत उत्तम. पंख्याभोवती नीट पत्र्याचं आवरण नसेल तर तो आपल्या गोलाएवढ्याच जाळीतून हवा ओढतो, बाकीचा रेडिएटर रिकामा बसतो. आवरण बसवलं की कित्येकदा दोनऐवजी एका पंख्यावर भागतं. आतून गाळ साचलेला रेडिएटर किंवा सैल झाकण असेल तर ते आधी पाहायचं. दोन पंखे लागतच असतील तर ते एकदम सुरू होऊ देत नाही, दुसरा काही सेकंदांनी लागेल अशी जोडणी करते. तीन रिले वापरून ते आधी सिरीजमध्ये आणि गरज वाढली की पॅरललमध्ये असेही चालवता येतात. सिरीजमध्ये प्रत्येकाला निम्मे व्होल्ट मिळतात, करंट खूप उतरतो, आणि हलक्या कामाला तेवढी हवा पुरते.

तापमानाच्या स्विचचा आकडाही पाहून घ्यावा. इंजिनचा थर्मोस्टॅट ८८ अंशांना उघडणारा आणि पंखा ८५ ला बंद होणारा असेल, तर ट्रॅफिकमध्ये पंखा थांबायचं नावच घेत नाही, कारण थर्मोस्टॅट पाण्याला तेवढं थंड होऊच देत नाही. मी साधारण ९५ ला लागणारा आणि ९० ला सुटणारा स्विच घेते.

शेवटी राहतो चावीचा प्रश्न. गाडी बंद केल्यावरही पंखे चालू राहावेत असं अनेकांना वाटतं. पण पट्ट्यावरचा पाण्याचा पंप इंजिनबरोबरच थांबलेला असतो, त्यामुळे पंखा रेडिएटरमधलं पाणी गार करतो, इंजिनातलं फारसं नाही. ३६ अँपिअरने दहा मिनिटांत बॅटरीतले ६ अँपिअर-अवर जातात, आणि थकलेल्या बॅटरीवर मग सेल्फ लागत नाही. म्हणून रिलेच्या कॉइलचा प्लस मी इग्निशनच्या वायरवरून घेते. चावी बंद केली की पंखे बंद.