एकट्या वकिलाचे मन आणि आपला दवाखाना

मुंबई-अहमदाबाद आणि सुरत-धुळे हे दोन महामार्ग कडोदऱ्याच्या चौकडीवर एकमेकांना छेदतात. धुळ्याच्या वाटेने आलेली खानदेशी कुटुंबे या गिरण्यांच्या पट्ट्यात स्थिरावली. त्यांच्या मुलांपैकी काही जण वकील झाले आणि न वटलेले धनादेश, अपघाताची भरपाई, कामगारांची देणी असे दावे एकट्याने चालवू लागले. मजकडे ते येतात, ते पित्ताची किंवा निद्रानाशाची तक्रार घेऊन. मनाचा उल्लेख क्वचितच होतो.

त्यांच्या ताणामागे दोन बंधने आहेत. पहिले गुप्ततेचे. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेले उघड करण्यास भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने मनाई आहे. दुसरे तारखेचे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सतराव्या आदेशानुसार केवळ वकिलाच्या आजारपणावर तहकुबी मिळत नाही. वेळेत दुसरा वकील नेमणे पक्षकारास शक्य नव्हते, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. थोडक्यात, मन मोकळे करावयास भागीदार नाही आणि आजारी पडावयास सवड नाही.

अमेरिकेत २०१६ साली सुमारे तेरा हजार वकिलांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील २८ टक्क्यांत नैराश्याची लक्षणे आढळली, तर सुमारे २१ टक्क्यांचे मद्यपान चिंताजनक होते. आपल्याकडील परिस्थिती वेगळी असली, तरी इशारा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

म्हणून माझी व्यवसायबंधूंना विनंती आहे की, अशा रुग्णास झोपेची गोळी लिहून देण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत. गेले दोन आठवडे मन खिन्न असते काय? आवडत्या कामातील गोडी गेली आहे काय? उत्तर होकारार्थी आल्यास जीव नकोसा वाटतो काय, हेही निःसंकोच विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. आपली गोष्ट वकीलमंडळींत फुटेल, ही त्याची मोठी धास्ती असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम २३ गुप्ततेचा हक्क देते, हे त्यास सांगावे. २०२२ पासून चालू असलेली १४४१६ ही टेलिमानसची विनामूल्य सेवा मराठी व गुजरातीतही उपलब्ध आहे.

औषधाइतकाच उपयोगी एक व्यावहारिक सल्लाही मी देतो. पक्षकाराच्या संमतीने वकालतनाम्यावर विश्वासू सहकाऱ्याचे नाव आधीच घालून ठेवावे. तारीख सांभाळणारा दुसरा कोणी असला, तरच मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यास एक दिवस मोकळा मिळतो. एकट्याने दवाखाना चालविणाऱ्या आपणांसही हा सल्ला तितकाच लागू आहे.