शेजाऱ्याची मनी, गल्लीतला मोत्या आणि सोसायटीतलं भांडण

आजचा विषय तुम्ही इंदूरला राहत असा, बडोद्याला, बंगळूरला किंवा नोएडात, सगळीकडे सारखाच आहे. गाव बदलतं, भाषा बदलते, भांडण तेच. एक ताई रात्री दहा वाजता भाताचं पातेलं घेऊन खाली उतरतात आणि चार कुत्री शेपटी हलवत गोळा होतात. दुसऱ्या मजल्यावरचे काका खिडकीतून ओरडतात, "एवढं प्रेम असेल तर घरात घेऊन जा!" दोन महिन्यांनी हेच भांडण पोलीस चौकीत जातं.

आधी एक गोष्ट मान्य करू. दोघांपैकी कुणीही वेडं नाही. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार 2024 साली देशात कुत्रा चावल्याची सुमारे 37 लाख प्रकरणं नोंदली गेली. ज्यांच्या नातवाला चावा बसलाय, त्या काकांना 'प्राणीद्वेष्टे' म्हणून मोकळं होता येत नाही. आणि कुणी टाकून दिलेली पिल्लं स्वतःच्या पगारातून जगवणाऱ्या ताईंना 'रिकामटेकडी' म्हणणंही बरोबर नाही. अडचण अशी की दोघेही एकाच प्रश्नावर भांडत बसतात: कुत्री हवीत की नकोत? आणि या प्रश्नाचा निर्णय सोसायटीच्या हातात नाहीच.

कसा नाही, ते बघू. केंद्र सरकारचे प्राणी जन्म नियंत्रण नियम 2023 च्या मार्चमध्ये आले. 2001 चे जुने नियम त्यांनी बदलले. भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची, म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे. ऑपरेशन आणि लस झाली की कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. तुमच्या गल्लीतल्या कुत्र्याच्या एका कानाला खाच दिसली तर ती मारामारीची खूण समजू नका. ऑपरेशन झाल्याची ती निशाणी असते.

2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयात यावर मोठी उलथापालथ झाली. 11 तारखेला दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा असा आदेश आला. 22 तारखेला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: ऑपरेशन आणि लस झालेली कुत्री परत त्याच भागात सोडायची, मात्र रेबीज झालेली किंवा फार आक्रमक असलेली सोडायची नाहीत. रस्त्यावर वाटेल तिथे खायला घालायचं नाही, त्यासाठी वॉर्डनिहाय जागा ठरवायच्या. पुढे 7 नोव्हेंबरला शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवावीत आणि परत तिथे सोडू नयेत, असाही आदेश झाला. ही यादी लक्षात ठेवा, कारण सोसायट्यांच्या बैठकीत हल्ली "सुप्रीम कोर्टाने कुत्री काढायला सांगितलीत" असं ठोकून दिलं जातं. त्या आदेशात तुमच्या सोसायटीचं पार्किंग नाही.

मग सोसायटीच्या हातात काय? बरंच काही आहे, आणि फार कमी कमिट्यांना ते ठाऊक असतं. 2023 च्या नियमांतला विसावा नियम म्हणतो की आवारातल्या प्राण्यांना खायला घालण्याची व्यवस्था करणं हे रहिवासी संघटनेचं काम आहे. परवानगी देणं-न देणं असा मामला नाही, व्यवस्था करायची आहे. जागा ठरवायची ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या फाटकापासून दूर. वेळ ठरवायची ती मुलं आणि वयस्कर माणसं खाली नसतील अशी. आणि खायला घालणाऱ्याने घाण मागे ठेवायची नाही. म्हणजे नियम दोघांनाही बांधतो. सेक्रेटरी "इथे खायला घालायचंच नाही" असं म्हणू शकत नाहीत, आणि ताई "मी वाटेल तिथे घालीन" असं म्हणू शकत नाहीत.

जागेवर एवढा भर का, हे कुत्र्याच्या स्वभावात आहे. कुत्रं जिथे जेवतं ती जागा त्याची होते, आणि ती राखायला ते भुंकतं, धावून जातं. जिन्याखाली रोज ताटली ठेवली की जिना त्याचा. मग पार्सल घेऊन येणारा मुलगा, कामवाल्या मावशी, दुसऱ्या विंगमधली शाळकरी पोरं हे सगळे त्याच्या लेखी परके. तेच खाणं कंपाउंडच्या मागच्या कोपऱ्यात ठराविक वेळी मिळालं तर राखायला जिना उरत नाही. माझं मत विचाराल तर निम्मी भांडणं पातेलं तीस पावलं पलीकडे नेलं की शमतील.

आता पोत्यात घालून रातोरात लांब सोडून येण्याबद्दल. वॉचमनला पैसे देऊन हे सर्रास केलं जातं. ते नियमाविरुद्ध आहेच, पण व्यवहारातही फसतं. जुनी, ऑपरेशन झालेली, माणसं ओळखणारी कुत्री गेली की कचराकुंडी आणि मोकळी जागा तशीच राहते. तिथे शेजारच्या भागातली नवी कुत्री शिरतात. त्यांना ना लस, ना ऑपरेशन, ना तुमच्या मुलांची ओळख. शिवाय नेऊन सोडलेलं कुत्रं तिथल्या कुत्र्यांचा मार खातं, बिथरतं आणि तिथल्या कुणाला तरी चावतं. विष घालण्याचा विचार तर मनातही आणू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली प्राणी मारणं किंवा अपंग करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि विषारी खाणं रांगतं मूलही उचलू शकतं.

फाटकापाशी ठेवलेल्या निळ्या पाण्याच्या बाटल्यांचाही इथे निकाल लावून टाकू. नीळ घातलेली बाटली पाहून कुत्रं पळतं म्हणतात. कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, पण निळा रंग छान दिसतो. दिसतो म्हणून ते घाबरेल असं मात्र काही नाही. बाटलीशेजारीच झोपलेली कुत्री तुम्हीही पाहिली असतील.

आणखी एक बाजू आहे जी कमिटीच्या लक्षात येत नाही. महापालिकेची गाडी येते, कुत्री पसार होतात, गाडी रिकामी परत जाते. का? अनोळखी माणसाला ती जवळ येऊ देत नाहीत. त्यांच्या जवळ जाऊ शकणारं माणूस एकच, ते म्हणजे ज्यांना तुम्ही रोज शिव्या देता त्या ताई. त्यांना सगळी कुत्री नावानिशी माहीत असतात, कोणती व्यायलीय, कुणाचं ऑपरेशन राहिलंय हे तोंडपाठ असतं. त्यांच्याशी वैर धरून निर्बीजीकरण होत नाही. आणि ताईंनाही माझं सांगणं आहे: नुसतं खायला घालून ऑपरेशनचं बघायचं नाही, तर पुढच्या वर्षी चाराची बारा होतील आणि काकांचा राग खरा ठरेल.

मांजरांचं भांडण वेगळं असतं, कारण तिथे बहुतेकदा मालक असतो आणि तो अंग काढून घेतो. "मांजर काय बांधून ठेवायचं असतं?" असं म्हणतो. इकडे शेजारणीच्या तुळशीच्या कुंडीत रोज घाण, स्कूटरच्या सीटवर ओरखडे, मध्यरात्री गच्चीवर बोक्यांचा आक्रोश. हा सगळा ताप एका ऑपरेशनने बराच कमी होतो. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते आणि वर्षात हे पुन्हा पुन्हा घडतं. बोक्याचं ऑपरेशन वेळेवर झालं तर भिंतींवर उग्र वासाची धार मारणं, भटकणं आणि मारामाऱ्या उतरतात. ज्याने मांजर पाळली त्यानेच हा खर्च करायचा. कुत्रं असो वा मांजर, पाळीव प्राण्याचं लसीकरण आणि निर्बीजीकरण ही 2023 च्या नियमांप्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. खिडकीला जाळी आणि घरात वाळूचा ट्रे ठेवला तर शेजारी तक्रार करायला येणारच नाही.

शेजाऱ्यांनी कुंडीतल्या मातीवर मोठे खडे किंवा नारळाची करवंटी पसरावी, मांजराला उकरायला मऊ माती लागते. संत्र्याच्या सालीही बऱ्याच मांजरांना नकोशा वाटतात. डांबराच्या गोळ्या मात्र टाकू नका, त्या मांजराला आणि लहान मुलांना विषारी असतात. काळं फिनेलही मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

पाळलेल्या कुत्र्यांवरून होणारं भांडण थोडक्यात सांगतो. सोसायटी ठराव करून पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालू शकत नाही. केरळ उच्च न्यायालयाने 2021 मध्ये असे ठराव बेकायदा ठरवले आहेत. पण मालकाने निष्काळजीपणा केला तर न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नोएडा प्राधिकरणाने तर 2023 च्या मार्चपासून पाळीव प्राणी चावल्यास मालकाला दहा हजार दंड आणि उपचारांचा खर्च लावला आहे.

चावा बसलाच तर भांडण नंतर. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठून लस सुरू करा. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायच्या इम्युनोग्लोब्युलिनबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. मांजराच्या चाव्यालाही हेच लागू आहे. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. त्यामुळे "ओळखीचं कुत्रं आहे, बघू दोन दिवस" हे चालत नाही.

आता तोडगा निघतच नसेल तर? विसाव्या नियमातच त्याची सोय आहे. जागेवरून वाद झाला तर एक प्राणी कल्याण समिती बसते. तिच्यात मुख्य पशुवैद्यकीय अधिकारी, पोलिसांचा प्रतिनिधी, निर्बीजीकरण करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेचा प्रतिनिधी, तक्रारदार आणि रहिवासी संघटना, सगळे येतात. तिचा निर्णय पटला नाही तर राज्य मंडळाकडे अपील. अर्ज साध्या कागदावर चालतो. "कुत्र्यांचा उच्छाद" असं मोघम लिहू नका. कुत्री किती, कान खाचलेली किती, कोण कुठल्या तारखेला कुठे चावलं, खाणं सध्या कुठे घालतात आणि तुम्ही सुचवता ती जागा कोणती, हे लिहा. सोबत फोटो जोडा. जमलं तर काका आणि ताई दोघांच्याही सह्या घ्या. अशा अर्जाकडे अधिकारी वेगळ्या नजरेने बघतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यायला विसरू नका.