वाट पाहणाऱ्यांच्या दिशेने

हवाई दल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लढाऊ विमान येतं. माझी कारकीर्द मात्र हेलिकॉप्टरवर गेली आणि तिच्यातला सर्वांत सकस काळ सियाचिनमध्ये. खडकवासल्याची एनडीए, नंतर दुंडीगलची हवाई दल अकादमी, मग हकीमपेटला हेलिकॉप्टरचं प्रशिक्षण, असं करत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी तिथे पोचलो. सियाचिन हिमनदीचा ताबा घेणारं ‘ऑपरेशन मेघदूत’ १३ एप्रिल १९८४ रोजी सुरू झालं होतं. त्याच्याही आधी, १९७८ मध्येच, ११४ हेलिकॉप्टर युनिटच्या वैमानिकांनी त्या हिमनदीवर हेलिकॉप्टर उतरवलं होतं. ‘सियाचिन पायोनियर्स’ हे नाव त्या युनिटने कष्टाने मिळवलेलं आहे.

आमचं यंत्र चीता. मूळचं फ्रेंच ‘लामा’, बांधणी हिंदुस्तान एरोनॉटिक्सची (एचएएल), इंजिन एकच. १९७२ साली लामाने १२,४४२ मीटर उंची गाठून जागतिक विक्रम केला होता. आम्हाला मात्र रोज किलोकिलोचा हिशेब करावा लागे. हवा विरळ झाली की पात्यांची उचल कमी होते आणि इंजिनाची ताकदही घटते. अगदी वरच्या, वीस हजार फुटांच्या आसपासच्या हेलिपॅडवर एका सॉर्टीत रॉकेलचा एखादा कॅन पोचला तरी पुष्कळ झालं. ऊन चढलं की हवा आणखी पातळ होते, वारे सुटतात, म्हणून पहाटेच निघायचं. जायचं ते जोडीने, म्हणजे एकावर प्रसंग आला तर दुसऱ्याला ठिकाण तरी कळेल. वर इंजिन बंद करायचं नाही. सामान उतरलं की लगेच उड्डाण.

त्या रॉकेलवर बर्फ वितळवून पाणी व्हायचं, अन्न शिजायचं. सामानात घरची पत्रं असायची. एखाद्या जवानाच्या फुप्फुसांत पाणी भरलं, तर त्याला तातडीने खाली आणणं हाच खरा उपचार. आपल्या पात्यांचा आवाज कुणीतरी कान देऊन ऐकत आहे, ही जाणीव कॉकपिटमध्ये सतत सोबत असायची. माझ्या उड्डाणाला अर्थ दिला तो या वाट पाहणाऱ्यांनी. आणि ते शक्य केलं रात्री गोठलेल्या बोटांनी यंत्र तपासणाऱ्या आमच्या तंत्रज्ञांनी. त्यांची सही असल्याशिवाय आमचं एकही उड्डाण झालं नाही.

त्याच काळात पुण्यात माझी पत्नीही वाट पाहत होती. लेहहून फोन लागणं म्हणजे नशिबाचा भाग. मुलांच्या शाळा, आईचं आजारपण, घर बदलणं, सगळं तिने एकटीने निभावलं. वैमानिकाच्या सेवेची नोंद लॉगबुकात होते, तिच्या सेवेसाठी तसं पुस्तक नाही.

चोपन्नाव्या वर्षी विंग कमांडर म्हणून निवृत्त झालो. नागरी परवान्याच्या परीक्षा देऊन जुहूहून मुंबई हायच्या तेलफलाटांवर उड्डाणं करू लागलो. समुद्रसपाटीची हवा दाट आणि इंजिनं दोन. पण हेलिकॉप्टर पाण्यात उलटलं तर बाहेर कसं पडायचं, हे त्या वयात नव्याने शिकलो. तिथेही कितीतरी दिवस फलाटावर राबलेली माणसं घरी जाण्यासाठी बॅग भरून उभी असायची. काम ओळखीचंच होतं.

खरी पोकळी जाणवली ती उड्डाण पूर्ण थांबल्यावर. आकाशाची आठवण येते हे खरं, पण जास्त सलतं ते आपलं कुणाला काम नसणं. निवृत्त होणाऱ्या धाकट्या सहकाऱ्यांना म्हणून सांगतो: पेन्शनचा हिशेब कराच, पण यापुढे आपली गरज कुठे आहे तेही शोधा. मला ती छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेतल्या मुलांशी बोलताना सापडली. १९७७ पासून ही संस्था महाराष्ट्रातल्या मुलांना एनडीएसाठी घडवते आहे. २०२२ पासून एनडीएत मुलीही दाखल होतात, त्यामुळे आता गावोगावच्या मुलीही प्रश्न घेऊन येतात. चष्मा असला तर चालतो का, गणित किती लागतं, भीती वाटते का? भीती वाटते, असंच मी सांगतो. आणि ज्याच्यासाठी निघायचं तो माणूस डोळ्यांसमोर ठेवला, तर ती भीती बरोबर घेऊनही नीट उडता येतं, हेही सांगतो.